मिरचीच्या फुलोऱ्यातलं रेकॉर्डिंग

मिरचीचं फूल खाली मान घालून उमलतं. पांढरं, इवलंसं. वाकल्याशिवाय ते नीट दिसत नाही, आणि सध्या वाकून पाहण्याचेच दिवस आहेत. पोळा झाला, गणपती गेले, की आमच्या देऊळगाव राजाच्या आसपास शेडनेटांमध्ये क्रॉसिंग सुरू होतं. सकाळी रस्त्यानं निघालं की डब्याच्या पिशव्या घेतलेल्या बाया हिरव्या जाळ्यांच्या दारातून आत शिरताना दिसतात. प्रत्येकीकडे एक चिमटा. दुपारी कळी अलगद उघडून तिच्यातले नर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या परागाची भुकटी तिला लावायची, आणि खूण म्हणून देठाला लोकरीचा धागा बांधायचा. यातून संकरित बी तयार होतं आणि कुठल्या कुठल्या मुलखात जाऊन रुजतं.

परवा आमच्या नेटमध्ये शिरले तर तोच वास आला. ओल्या मातीचा, उन्हानं तापलेल्या ठिबकच्या नळ्यांचा, कोवळ्या पानांचा. जाळीतून गाळून आलेला हिरवट उजेड, आणि त्यात बायांचं हलक्या आवाजातलं बोलणं. या उजेडात उभी राहिले की मला दरवर्षी एक जुना हंगाम आठवतो. त्या हंगामात आमच्या घरात फार कमी बोललं जायचं, आणि मी एका जुन्या कम्प्युटरपुढे बसून टीव्ही रेकॉर्ड करायला शिकत होते.

बाबा बोलके होते. नुसते बोलके नव्हे, त्यांना बोलायला माणूस लागायचा. ठिबकची नळी दुरुस्त करताना ते नळीशी बोलत. बसस्टँडवर उभे राहिले की गाडी येईपर्यंत शेजारच्याची शेती, सोयरीक, दुखणी, सगळं विचारून घेत. आई म्हणायची, "या माणसाले मुक्यानं जेवता येत नाही." त्या वर्षी आमच्या नेटमध्ये फुलोरा लवकर आला होता. टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमासाठी कोणीतरी चांगला प्लॉट शोधत होतं, आणि कोणीतरी बाबांचं नाव सांगितलं. एके सकाळी कॅमेरा घेऊन दोघंजण आले. बाबांनी पांढरा शर्ट घातला. सुरुवातीला ते एकदम पुस्तकी बोलू लागले, "आम्ही या ठिकाणी मिरची या पिकाची लागवड केलेली आहे." पण पाचव्या वाक्याला घसरले आणि आपल्या भाषेत आले, "पाहा भाऊ, फुलाले घाई समजत नाही. तुम्ही घाई केली का ते गळून पडते." मुलाखत घेणारा हसला आणि म्हणाला, असंच बोला. मी हे सगळं जाळीच्या दारात उभी राहून ऐकलं, आणि अर्ध्यातून क्लासला निघून गेले. गावातल्या एका कम्प्युटर क्लासमध्ये मी तेव्हा शिकवत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, त्याच नेटमध्ये, धागा बांधता बांधता बाबांचा उजवा हात खाली पडला. तोंड वाकडं झालं. जालन्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांचा उजवा हात आणि पाय लुळा होता, आणि बोलणं गेलेलं होतं. त्यांना सगळं कळत होतं. कोण आलं, कोण गेलं, पाणी कुठल्या ओळीला सुटलं, सगळं. पण तोंड उघडलं की फक्त "ना... ना..." एवढाच आवाज निघायचा. हो म्हणायलाही "ना". मग स्वतःवरच चिडून ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. भेटायला येणारी माणसं त्यांच्याशी मोठ्यानं बोलायची, जणू त्यांचे कानच गेले होते. आई त्या माणसांना चहा द्यायची आणि गेल्यावर म्हणायची, "ऐकू येते त्याहिले. सांगू तरी किती जणाले."

क्रॉसिंग थांबवता येत नव्हतं. फुलं थांबत नाहीत. आई बायांना घेऊन नेट सांभाळायची आणि मी क्लासच्या आधी आणि नंतर घर.

अशात एक दिवस कार्यक्रमवाल्यांचा फोन आला. तुमच्या वडिलांचा भाग पुढच्या आठवड्यात संध्याकाळी दाखवणार आहोत. मी बाबांविषयी सांगितलं. पलीकडचा माणूस फार चांगलं बोलला. त्याची प्रत मिळेल का, असं विचारलं, तर म्हणाला, अर्ज करावा लागतो, पण मिळेलच असं मला सांगता यायचं नाही. फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं, की बाबांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. घरातले फोन बटणांचे, त्यांत कार्डवरची गाणी आणि व्हिडिओ चालायचे, पण बाबांचं बोलणं भरून ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये बाबा होते, पण त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत बॅन्डची गाणी चढवलेली. त्यांचे ओठ हलताना दिसायचे आणि सनई ऐकू यायची.

कम्प्युटरच्या आत बसवायचं एक कार्ड मिळतं, छपरावरच्या डिशच्या छत्रीची वायर थेट त्याला जोडली की टीव्ही कम्प्युटरवर दिसतो आणि साठवताही येतो, एवढं मी क्लासमधल्या इंटरनेटवर वाचलेलं होतं. मी रफिकभाईंकडे गेले. बसस्टँडजवळ त्यांचं छत्र्या आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आमची छत्री त्यांनीच बसवलेली. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"कम्प्युटरमधी टीव्ही? मी तं कधी पाह्यलं नाही, ताई. पन जालन्याले जाऊन राह्यलो उद्या. इचारतो."

दोन दिवसांनी ते कार्ड घेऊन घरी आले. सोबत एक सीडी होती आणि तिच्यावर ओरखडे. क्लासनं काढून टाकलेला कम्प्युटर मी घरी आणून ठेवला होता. आम्ही तो जमिनीवर पेपर अंथरून उघडला. आईनं शेतातून आल्या आल्या विचारलं, "आता याचं काय करून राह्यले?" मी सांगितलं. तिनं पदर खोचला आणि आतली धूळ काढायला भांडी पुसायचं फडकं घेऊन आली. ते फडकं तिच्या हातातून सोडवून घ्यायला मला आणि रफिकभाईंना बरीच समजूत घालावी लागली.

कार्ड बसलं, वायर जोडली, सॉफ्टवेअर चालू झालं, आणि काहीच दिसलं नाही. रफिकभाई छपरावर जाऊन छत्री इकडंतिकडं हलवायचे आणि मी खालून ओरडून सांगायची, "नाही." त्यांना टीव्हीजवळच्या सेट-टॉप डब्यातले आकडे पाठ होते, मला कम्प्युटरच्या खिडक्या कळत होत्या. एकाचं ज्ञान संपायचं तिथं दुसऱ्याचं सुरूच होत नव्हतं. मधल्या जागेत आम्ही दोघंही अडाणी. शेवटी सहज म्हणून मी सॉफ्टवेअरमधल्या एका चौकोनात बारीक खूण केली. छत्रीच्या पुढच्या डबीला कार्डानं वीज पुरवायची, अशा अर्थाची ती खूण होती. सिग्नल दाखवणारी हिरवी पट्टी सरसर वर चढली आणि पडद्यावर कुठल्याशा अनोळखी भाषेतल्या बातम्या उमटल्या. आम्हाला एक शब्द कळत नव्हता. आम्ही त्या बातम्या तोंडं उघडी टाकून पाहत राहिलो. मागून आवाज आला. बाबा खाटेवर उठून बसले होते आणि हसत होते. आजारानंतरचं त्यांचं ते पहिलं हसणं. अर्धंच तोंड हसत होतं, पण हसत होतं.

मग रोज संध्याकाळी सराव. सुरुवातीला मला वाटायचं, रेकॉर्ड करतानाच ते दाबून लहान करून घ्यावं, डिस्कवर जागा कमी. पण त्या म्हाताऱ्या कम्प्युटरला दोन कामं एकदम झेपत नव्हती. चित्र अडकायचं, आवाज पुढं निघून जायचा. निवेदक तोंड मिटून बसलेला आणि बोलणं चालूच. ते पाहून बाबा अस्वस्थ व्हायचे. मग मी ठरवलं, आधी जसंच्या तसं साठवून घ्यायचं, लहान करायचं काम नंतर सावकाश. त्यासाठी डिस्कवरची सगळी गाणी आणि सिनेमे पुसले. ते पुसताना जीव थोडा तुटला, कारण क्लासच्या पोरींनी वर्षभर जमवलेला तो खजिना होता. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मॅडम, गाणे परत भेटतील."

उरली वीज. त्या वर्षांत आमच्याकडे संध्याकाळचं लोडशेडिंग ठरलेलं. कार्यक्रमाची वेळ नेमकी त्यातच येत होती. रफिकभाईंनी दुकानातला जुना इन्व्हर्टर आणला आणि शेजारच्या गणेशकाकांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून दिली. कोणी मागितली नव्हती. अंगणात बसून त्यांनी आमची बोलणी ऐकली, उठले, आणि बॅटरी डोक्यावर घेऊन आले. अशा गोष्टी मला नंतर फार आठवत राहिल्या. त्या दिवसांत मी कोणाला धन्यवाद म्हटल्याचं आठवत नाही. आमच्याकडे तसं म्हणतही नाहीत. चहा ठेवतात.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस. नेटमधल्या बाया लवकर घरी गेल्या. संध्याकाळी ठरल्याप्रमाणे वीज गेली, इन्व्हर्टर घूं घूं करू लागला, आणि कम्प्युटर चालू राहिला. वायर कम्प्युटरला जोडलेली, म्हणून टीव्हीचा उपयोग नव्हता. छोट्याशा मॉनिटरपुढे आई, बाबा, रफिकभाई आणि मी असे चौघं दाटीनं बसलो. बाबांची खुर्ची सगळ्यात पुढं. मी लाल बटण दाबलं. कार्यक्रम सुरू झाला आणि पत्र्यावर पहिले थेंब वाजले.

पडद्यावर आमचं नेट आलं. हिरवा उजेड. मग पांढरा शर्ट घातलेले बाबा. "आम्ही या ठिकाणी मिरची या पिकाची लागवड केलेली आहे." तो आवाज ऐकून आईनं पदर तोंडाला लावला. खुर्चीतल्या बाबांचा डावा हात गुडघ्यावर घट्ट आवळला गेला. मी मात्र त्यांच्याकडे पाहिलं नाही, मी त्या हिरव्या पट्टीकडे पाहत होते. पाऊस वाढला तशी ती खाली येऊ लागली.

"वरून पानीच आडवं येऊन राह्यलं, ताई," रफिकभाई हळूच म्हणाले. "याले काही इलाज नाही."

पडद्यावर प्रश्न आला, "हे क्रॉसिंगचं काम तुम्हाला शिकवलं कोणी?" बाबा हसले, मान वळवून घराच्या दिशेनं पाहिलं, म्हणाले, "मले तं हे..." आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. आवाज तुटला. पट्टी तळाला गेली. परत वर आली तेव्हा बाबा ठिबकच्या पाण्याविषयी बोलत होते. पुढचं सगळं मात्र स्वच्छ आलं, शेवटच्या नमस्कारापर्यंत.

मधला तो तुकडा गेला. आईनं चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी फाइल लहान करायला लावली. आईला ते काही कळेना. "लहान म्हणजे कापून टाकशील का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, कम्प्युटर कापत नाही, जे चित्रात बदलत नाही ते पुन्हा पुन्हा लिहीत नाही. बाबांच्या मागची जाळी हलत नाही, ती एकदाच लिहून ठेवतो. जे हलतं तेवढंच लिहितो. आईनं थोडा विचार केला. "मंग तुह्या बाबाचं तोंड लिहून ठेव म्हणा. तेच हलते."

सकाळच्या चहापासून दुपारपर्यंत तो कम्प्युटर धापा टाकत होता. आईनं टेबलफॅन त्याच्याकडे वळवून ठेवला. पहिल्या खेपेला मी फारच दाबलं. बाबांच्या मोबाइलमध्ये मावावं म्हणून. लावून पाहिलं तर चेहरा डागडाग आणि आवाज डब्यातून आल्यासारखा. आईनं ऐकलं आणि उठून गेली. जाता जाता म्हणाली, "हे ते नाहीत." मी ती फाइल पुसली. पुन्हा केलं. या वेळी चित्र लहान ठेवलं, थोडं धूसर राहू दिलं, आणि आवाजाला हात लावला नाही. कशातलं किती जाऊ द्यायचं हे माणसाला निवडायला मिळतं, ही केवढी कृपा आहे, असं मला त्या दुपारी वाटलं. बाबांना ते निवडायला मिळालं नव्हतं.

मला फक्त आवाज जपायचा होता. त्याचा पुढं काही उपयोग होईल असं मनातही नव्हतं. तो उपयोग दाखवला जालन्याच्या वाचाउपचारवाल्या मॅडमनी. आठवड्यातून एकदा मी बाबांना बसनं त्यांच्याकडे न्यायची. त्या आकडे म्हणून घ्यायच्या, वारांची नावं म्हणून घ्यायच्या. बाबांना त्याची लाज वाटायची. एकदा मी सहज मोबाइलवर ते रेकॉर्डिंग मॅडमना दाखवलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, "याचे तुकडे करता येतील का? एकेक वाक्य वेगळं. त्यांना त्यांच्याच मागे बोलू दे."

म्हणून मी तुकडे केले. छोटे छोटे, एका वाक्याचे. बाबांच्या मोबाइलच्या मेमरी कार्डवर घातले. सकाळी आई त्यांना नेटमध्ये खुर्चीवर बसवायची आणि मोबाइल डाव्या हातात द्यायची. बाया फुलांवर वाकलेल्या असायच्या आणि मध्येच बाबांचा जुना आवाज यायचा, "फुलाले घाई समजत नाही." मग थोडी शांतता. मग नवा आवाज, "फु... फु..." पुन्हा जुना. पुन्हा नवा. बायांनी कधी वर पाहिलं नाही. हे त्यांनी आपसात ठरवलं होतं की आपोआप झालं, कोण जाणे. पण माणूस चाचपडत असताना त्याच्याकडे न पाहणं ही माया मी तिथं पाहिली. हंगाम संपता संपता "फुलाले" आलं. संक्रांतीच्या सुमारास "घाई" आलं. "समजत" हा शब्द फार दिवस आला नाही. बाबा तो गाळून पुढं जायचे. "फुलाले घाई नाही." आई म्हणायची, हे तं आणखी चांगलं.

एक तुकडा मात्र ते स्वतःहून पुन्हा पुन्हा लावायचे. प्रश्नाचा. "तुम्हाला शिकवलं कोणी?" मग "मले तं हे..." आणि खरखर. त्या खरखरीशी ते झुंजायचे. ओठ जुळवायचे, हात वर करायचे, घाम फुटायचा. मी एकदा म्हटलं, बाबा, तो तुकडा काढून टाकू का? त्यांनी मोबाइल छातीशी धरला.

उन्हाळ्यात, हरभरा निघून गेल्यावर, एक दिवस आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. आई भाकरी वाढत होती. बाबांनी तिचं मनगट धरलं. आईला वाटलं, भाकरी नको म्हणतात. ती हात मागं घेऊ लागली, पण त्यांनी सोडला नाही.

"मले तं हे," बाबा म्हणाले. थांबले. आम्ही दोघीही थांबलो. "हिनं. हिनं शिकवलं."

मी आईकडे पाहिलं. लग्नानंतर पहिली काही वर्षं आई दुसऱ्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला मजुरीनं जायची, हे मला माहीत होतं. तिथं शिकून तिनं आमच्या वावरातल्या पहिल्या चार ओळी लावल्या होत्या, हे माहीत नव्हतं. गावात नाव बाबांचं झालं होतं. मुलाखतीच्या वेळी ती घरात कॅमेरेवाल्या दोघांसाठी चहा करत होती. बाबांनी कॅमेऱ्यापुढे तिचं नाव घेतलं होतं, आणि नेमकं तेवढंच पावसानं नेलं होतं.

आईनं भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या ताटात ठेवला आणि म्हणाली, "जेवा. निवून राह्यली."

याला आता बरीच वर्षं झाली. तो कम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. रफिकभाईंचं दुकान आता मोबाइलचं झालं आहे. बाबांचं बोलणं आलं, पण सगळं आलं नाही. काही शब्द कायमचे गेले, काही एकमेकांच्या जागी बसले. मांजराला ते कधी कधी बादली म्हणतात. उजवा पाय ओढत चालतात. पण चालतात, आणि बोलतात. नेटमध्ये गेलं की नव्या पोरींना चिमटा कसा धरायचा ते सांगतात, आणि अडलं की आईकडे बोट दाखवतात. त्या हंगामानं आमच्याकडून काय नेलं ते मला माहीत आहे. पण दरवर्षी फुलोरा आला की मला परत मिळालेलंच आधी आठवतं.

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतले लक्ष्मणकाका असेच पडले. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. दवाखान्यातून आले ते मुके होऊन. त्यांची बायको आमच्याकडे आली. दारात उभी राहून मला म्हणाली, "तुमच्या घरी ते मशीन होतं म्हणतात, बाई. बोलणं शिकवाचं."

मी तिला सांगू लागले, की तसं काही मशीन नव्हतं, आता तर मोबाइलवरच सगळं होतं, काकांचे जुने व्हिडिओ असतील तर मी बघते. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी काठी घेतली.

"मशीन राहू दे," ते म्हणाले. "मी येतो."

तेव्हापासून रोज दुपारी, बायांची जेवणं चालू असताना, बाबा मागच्या गल्लीत जातात. काल मीही सोबत गेले. लक्ष्मणकाका खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. बाबा स्टुलावर बसले. तब्येतीचं काही विचारलं नाही. नुसते सावकाश, एकेक शब्द सोडवत, म्हणू लागले, "देऊळगाव राजा." थांबले. "सिंदखेड राजा." पुन्हा थांबले. काकांची मान वळली. ही त्यांची मेहकर गाडी होती, आयुष्यभर त्यांनी ओरडून सांगितलेले थांबे.

"दुसरबीड," बाबा म्हणाले, आणि गप्प बसून राहिले.

काकांचे ओठ हलले. जुळले, सुटले, पुन्हा जुळले. त्यांची बायको दारातून पुढं येऊ लागली तसा बाबांनी डावा हात वर करून तिला थांबवलं.

"बी," काका म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "बी."

"हाव," बाबा म्हणाले. "बीबी आलं. पुढचा थांबा?"